पदवीच्या प्रोजेक्टला विषय कुठला घेऊ? गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

विषय ठरवायची तारीख जवळ आली की मुले जे प्रश्न घेऊन येतात ते दरवर्षी साधारण तेच असतात. लोकसाहित्य, मानसशास्त्र, वाणिज्य आणि पर्यावरण या चार बाजूंचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरे मुद्दाम मोघम ठेवलेली नाहीत. तुमच्या गाईडचे मत वेगळे असेल तर अर्थात त्यांचे ऐका, गुण त्यांच्या हातात आहेत.

इंटरनेटवर 'शंभर प्रोजेक्ट विषय' अशा याद्या असतात. त्यातला एखादा उचलला तर चालेल का?

मंजूर होईल, पण पुढे निभणार नाही. 'समाजमाध्यमांचा तरुणांवर परिणाम', 'हवामानबदल आणि शेती', 'ग्राहकांचे समाधान', 'लोककथांतील स्त्री' या विषयांना ना गाव असते ना माणूस. तीन महिने तुम्ही दुसऱ्याने लिहिलेले वाचून तिसऱ्या शब्दांत लिहीत बसता.

एक साधी कसोटी लावा. सकाळी कदंबाने, म्हणजे सरकारी बसने, निघून, त्या विषयातल्या माणसाला गाठून, दिवेलागणीला घरी परतता येते का? येत असेल तर विषय धरा. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. सत्तरीतल्या केरीपासून काणकोणच्या गालजीबागपर्यंत जवळपास काहीही या कसोटीत बसते, मुंबई-पुण्याच्या मुलांना ही चैन नाही. 'हवामानबदल आणि शेती' याचे 'दिवाडी बेटावरच्या एका खाजनाचा (खारे पाणी अडवून केलेल्या नदीकाठच्या शेताचा) बांध गेल्या दहा वर्षांत किती वेळा फुटला आणि दर वेळी कुणी बांधला' असे झाले की तुम्हाला कुणाचे दार ठोठवायचे ते आपोआप कळते.

चारही विभागांना चालेल असा एखादा विषय आहे का?

आहे. माटोळी.

चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली, कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) फळे-फुले-भाज्या बांधतात: कांगलां, घागऱ्या, कवंडळे, सुपारीचे शिपटे, नारळांची पेंड, तोरिंगे, चिबूड, तवशी, आंबाडे. लोकसाहित्यवाल्याने घराघरातला क्रम विचारावा: आधी काय बांधतात, मध्यभागी काय असते, कुठली वस्तू आमच्या घरात चालत नाही आणि का. पर्यावरणवाल्याने एकाच वाड्यावरच्या दहा माटोळ्यांतल्या वस्तूंची नोंद करावी. त्यातल्या किती घरच्यांनी स्वतः डोंगरावरून आणल्या आणि किती विकत घेतल्या, हे विचारले की त्या डोंगराचे काय झाले ते समजायला लागते.

वाणिज्यवाल्याला तर हे घबाडच. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हापसा, डिचोली, साखळी, फोंडा, पणजी इथे माटोळीचा बाजार भरतो. विकायला बसलेल्या बायका बऱ्याचदा रानालगतच्या गावांतल्या असतात. एका विक्रेतीच्या शेजारी सकाळपासून बसा, मध्ये बोलू नका, फक्त वहीत लिहा: घागऱ्यांची जुडी सकाळी कितीला गेली, दुपारी कितीला, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गिऱ्हाईक घाईत असताना कितीला आणि अंधार पडल्यावर उरलेला माल कितीला. नाशवंत मालाच्या भावाचा जो धडा पुस्तकात चार पाने घेतो तो इथे एका दिवसात दिसतो. मानसशास्त्रवाल्याला वाटण्या झालेली घरे आहेत. चुली वेगळ्या, पण गणपती एकच. मग माटोळी बांधायला कोण चढतो, खालून कोण सूचना करतो, परदेशातून चार दिवसांसाठी आलेल्या भावाला कुठले काम दिले जाते?

फक्त चारही बाजू एका प्रोजेक्टात कोंबू नका. एक घ्या. बाकीच्या तिन्हींना प्रस्तावनेत एकेक वाक्य पुरे.

मी मुलगा आहे. धालोवर प्रोजेक्ट केला तर चालेल का?

धालो हे बायकांचे नाच-गाणे पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, होते. बायका समोरासमोर दोन ओळी करून गातात, नाचतात. मांड हा त्यांचा. पुरुषाने तिथे टेपरेकॉर्डर, म्हणजे आताचा मोबाईल, घेऊन उभे राहणे बऱ्याच गावांत चालत नाही. हट्ट करू नये. तुमच्याऐवजी बहीण किंवा वर्गातली मुलगी गेली तर तिचे नाव सहसंकलक म्हणून छापा, 'साहाय्य' म्हणून खाली ढकलू नका. दुसरा मार्ग, दिवसा जाऊन एखाद्या आजीकडून तीच गाणी उतरवून घेणे. त्यात ओळी मिळतात, पण वळणे जातात: कुठे कुणी हसले, कुठली ओळ दोनदा घेतली, हे दिवसा कळत नाही. ही मर्यादा प्रकरण एकमध्येच स्पष्ट लिहा.

नाहीतर विषय बदला. पेडण्याकडचा दशावतार, सत्तरीतले रणमाले, साळचे गडे, शिगम्यातले रोमटामेळ आणि घोडेमोडणी, माशेलचा चिखलकाला, गावोगावच्या देवळांतली उत्सवी मराठी नाटके. या शेवटच्या विषयाकडे मुले वळतच नाहीत, याचे मला नवल वाटते. गावातल्या कुणाच्या तरी माळ्यावर जुन्या नाटकांची हस्तलिखिते, जाहिराती, वर्गणीच्या वह्या पडलेल्या असतात. वर्गणीची वही मिळाली तर पात्रयादीपेक्षा ती आधी वाचा.

देवचार, राखणदार यांच्यावर लिहिले तर परीक्षक अंधश्रद्धा म्हणून हाणून पाडतील का?

देवचार आहे की नाही हे सिद्ध करायला निघालात तर पाडतील, आणि बरोबर करतील. तो तुमचा प्रश्नच नव्हे. शिवेवरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, काय ठेवतात, कोण ठेवतो, घरात कुठला प्रसंग घडला की ठेवतात, रस्ता रुंद झाला तेव्हा ते ठिकाण हलवले का आणि हलवायचा निर्णय कुणी घेतला, हे नोंदवा. माणसे काय मानतात ते लिहिणे वेगळे आणि ते खरे म्हणणे वेगळे. हा फरक प्रत्येक पानावर सांभाळला की कुणाची तक्रार नसते. सांतेरी देवीचे वारूळ, देवाची राय (देवराई) हे विषय तर थेट पर्यावरणाकडे जातात. सत्तरीत बांबरच्या निरंकाराच्या रायीत जायफळाच्या कुळातल्या रानझाडांची दलदल टिकून आहे. अशी दलदल मुळात दुर्मीळ, आणि ती राखण्यात त्या देवाच्या धाकाचा वाटा किती हे विचारण्यासारखे आहे.

माणसे कोकणीत बोलतात, प्रोजेक्ट मराठीत आहे. काय करू?

गाणे, म्हण, ओवी, शिवी हे सगळे जसेच्या तसे देवनागरीत उतरवा, खाली मराठीत आशय द्या. मुलाखतीतले साधे बोलणे मराठीत आणले तरी चालते, पण तसे केल्याचे सुरुवातीला सांगा. बोलणाऱ्याची कोकणी 'शुद्ध' करायच्या भानगडीत पडू नका, पेडण्याची पेडण्याची राहू द्या, काणकोणची काणकोणची. आणि गोव्यात धालोची, शिगम्याची पुष्कळ गाणी मराठी-कोकणी मिसळीतच आहेत. तिथे ही ओळ कुणाची यावर वाद घालून दहा पाने भरणारी मुले दरवर्षी असतात. ती पाने वाचायला कंटाळा येतो.

मानसशास्त्रासाठी नैराश्याची तयार प्रश्नावली गूगल फॉर्मवर टाकून मित्रांना पाठवू का?

थांबा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली जगभर वापरली जाते, फुकट मिळते, म्हणून मुले तीच उचलतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री अकरा वाजता तुमच्याच वर्गातल्या कुणीतरी तिथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, आणि फॉर्म बिननावाचा आहे, तर तुम्ही काय करणार? या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे आणि तुमच्या गाईडकडे आधीच लिहिलेले नसेल तर ही प्रश्नावली वापरू नये. कुठल्याही मनोविषयक फॉर्मच्या शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आणि कॉलेजच्या समुपदेशकांना भेटायची वेळ द्या. आणि गुण मोजून 'या वर्गातले इतके टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त' असे वाक्य कधीही लिहू नका. प्रश्नावली चाळणीचे काम करते, निदान डॉक्टर करतात.

पदवीला झेपणारे विषय वेगळे असतात. वसतिगृहातली झोप आणि फोन. दोन बस बदलून कॉलेजला येणाऱ्यांचा थकवा. बोटीवर नोकरीला असलेल्याच्या घरचे व्यवहार, म्हणजे तो सात-आठ महिने नसताना निर्णय कोण घेतो आणि तो आल्यावर काय बदलते. मुले पोर्तुगाल-इंग्लंडला गेलेल्या मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा दिवस. या शेवटच्या विषयासाठी फॉर्म पाठवून उपयोग नाही, जाऊन बसावे लागते, आणि चहा नाकारायचा नसतो.

तयार इंग्रजी प्रश्नावली मराठीत वा कोकणीत आणली तर दुसऱ्या कुणाकडून ती परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळाशी ताडून पाहा. 'लो फील होतं' आणि 'मन लागत नाही' यांतले अंतर तेव्हा दिसते.

गोव्यात या क्षेत्रात वाचण्यासारखे काही झाले आहे का?

जगाने दखल घ्यावी असे झाले आहे. 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून गोव्यात आहे. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार होऊ शकतात का, हे तिने इथल्या आरोग्यकेंद्रांतून तपासले. 'मानस' चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आणि नैराश्य व मद्यपान यांवरच्या दोन चाचण्यांचे २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचे अभ्यास उद्धृत करण्याआधी हे वाचा.

किती जणांना विचारले की पुरे?

कुणीतरी सूत्र दिलेले असते: एकूण संख्या भागिले, १ अधिक एकूण संख्या गुणिले चुकीच्या प्रमाणाचा वर्ग. हजार विद्यार्थी आणि ५ टक्के चूक धरली तर उत्तर २८६ येते. पण हे सूत्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. तुम्ही कँटीनमध्ये समोर येईल त्याला फॉर्म दिलात तर २८६ काय नि ५०० काय, ती कँटीनमध्ये बसणाऱ्यांचीच मते. सखोल मुलाखतींना आठ-दहा माणसे पुष्कळ. तीच तीच उत्तरे येऊ लागली की थांबा.

वाणिज्य शाखा. दुकानदार नफ्याचे आकडे सांगतच नाहीत, काय करायचे?

नफा विचारूच नका. नफा विचारणारा माणूस एकतर कर खात्याचा असतो नाहीतर प्रतिस्पर्ध्याचा. पदेराकडे, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडे, गेलात तर दिवसाला मैद्याची किती पोती लागतात, एका पोत्यात किती उंडे (गोल पाव) होतात, लाकडाची गाडी किती दिवस पुरते, भट्टीवर किती माणसे, सायकलवर किती, परत आलेल्या पावाचे काय करता, हे विचारा. हे सगळे तो हसत सांगतो, कारण हा त्याचा धंदा आहे, याचा त्याला अभिमान असतो. बाकी गणित घरी बसून मांडा. पोळी आणि काकणांपेक्षा उंडे जास्त का जातात, पहाटेची फेरी कोण मारतो, मालकाच्या मुलाला भट्टीवर यायचे आहे का, भट्टी भाड्याने दिली असेल तर कुणाला, हे प्रश्न ओघात येतात.

असेच म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पावसाळ्याआधीची पुरुमेताची खरेदी (सुकी मासळी, मिरची, कोकम, खोबरे), १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत ट्रॉलरवरच्या कामगारांचे आणि मासळी विकणाऱ्या बायकांचे उत्पन्न. 'अमुक मोबाईल कंपनीच्या ग्राहकांचे समाधान' हा विषय मात्र कृपा करून आणू नका.

फेणीवर प्रोजेक्ट करू का? घरचे नाराज होतील.

घरच्यांना समजावणे तुमचे काम. विषय म्हणून फेणी उत्तम. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला, आणि आज काजूची फेणी २००९ पासून भौगोलिक मानांकनाची मानकरी आहे. बोंडू (काजूचे फळ) तुडवून नीरो हा रस, पहिल्या वाफेची उर्राक, पुढच्या वाफेची फेणी, आणि तीव्रता मोजायचे एकक ग्राव. मानांकन मिळाल्याने भट्टीवाल्याच्या हातात नेमके किती वाढले, हा विचारण्यासारखा प्रश्न. गावातल्या लहान भट्टीवाल्याला मानांकनाची नोंदणी करावीशी वाटते का, आणि नसेल तर का नाही, एवढ्यावर एक पूर्ण प्रोजेक्ट उभा राहतो. फेब्रुवारी ते मे हा हंगाम, त्याच वेळी तुमच्या परीक्षा. आधीच ठरवा.

पर्यावरणात खाण आणि म्हादई सोडून काही नाही का?

आहे, आणि खाण-म्हादई घेतलेच तर निदान छोटे करून घ्या. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाची स्थापना २०१० ची, निवाडा ऑगस्ट २०१८ चा: गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट). या आकड्यांवर तुम्ही नवे काही सांगू शकणार नाही. एका गावच्या विहिरींची पातळी महिन्यातून एकदा दोरी सोडून मोजलीत तर सांगू शकाल. खाणीचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्च २०१८ पासून काम थांबले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डिचोली किंवा सांगे तालुक्यातल्या एका वाड्यावर कर्जावर घेतलेल्या ट्रकांचे पुढे काय झाले, हे त्या वाड्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही.

माझी स्वतःची पसंती खाजनाला. नदीकाठी खारे पाणी अडवायला मातीचे बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी दारे. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच मानशीची दारे मिटतात, ओहोटीला आतले पाणी रेटून उघडते. आत पावसाळ्यात खारटपणा सोसणारे कोरगुटासारखे भात, नंतर मासळी. मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी (लिलाव) होते, तिचे पैसे बांधाच्या दुरुस्तीला लागावेत अशी जुनी व्यवस्था. मासळीला भातापेक्षा जास्त पैसा मिळायला लागला की काय होते? दारे हवी तेव्हा मिटत नाहीत, खारे पाणी आत राहते, शेत पडीक होते. एका मानशीपाशी भरती-ओहोटीच्या वेळेला बसून दारे कधी उघडली, कधी मिटली, आणि ती पाण्याने मिटली की माणसाने, हे नोंदवा. मग पावणी घेणाऱ्याला आणि शेत करणाऱ्याला वेगवेगळे भेटा. एकत्र भेटू नका.

तळी हवी असतील तर करमळी आहे, कुडचड्याचे नंदा तळे आहे, २०२२ मध्ये ते रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवे अंडी घालायला येतात.

अभयारण्यात जायला परवानगी लागते का?

लागते, वन खात्याची, लेखी, कॉलेजच्या पत्रासह. पान, दगड, पिसे काहीही उचलून आणायचे नाही. कासवाच्या घरट्याजवळ फ्लॅश मारायचा नाही. परवानगीला वेळ लागतो हे धरून चाला, नाहीतर अभयारण्याबाहेरची देवराई किंवा गावचे तळे निवडा.

जुने कागद कुठे मिळतील?

पणजीला पाटो इथले कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, ते १८३२ पासूनचे, जुनी वर्तमानपत्रे तिथेच. पुराभिलेख खात्याची स्थापना १५९५ ची, पण तिथले दप्तर बरेचसे पोर्तुगीजमध्ये. तुमच्या गावात पोर्तुगीज वाचणारे एखादे वयस्क वकील किंवा निवृत्त शिक्षक असतात, त्यांना गाठा. गावकारीच्या (गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेच्या) नोंदी पाहायच्या तर अर्ज करा आणि धीर धरा.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतले तर कळते का?

सांख्यिकी आणि व्याख्यांच्या प्रकरणात कदाचित कळणार नाही. गावच्या प्रकरणात लगेच कळते. त्यात शिगमा कोकणच्या शिमग्यासारखा होतो, धालोत पुरुष नाचतात आणि प्रत्येक आजी 'आपली समृद्ध परंपरा' असे बोलते. कुठलीही आजी असे बोलत नाही. शिवाय यंत्र संदर्भग्रंथ बेधडक कल्पून देते आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तो ग्रंथ दाखवा म्हटले की पंचाईत. मुलाखत उतरवायला, इंग्रजी सारांश तपासायला वापरा आणि तसे लिहा. नकलेबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत: उच्च शिक्षणातल्या प्रबंधांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यावर पायऱ्या चढत जातात. तुमच्या कॉलेजचा आकडा वेगळा असू शकतो.

चौथ्या वर्षाला संशोधन करायचे आहे. आत्ताचाच विषय पुढे नेता येईल?

येईल, आणि न्यावाच. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के आणि वर मिळवणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्सचा पर्याय आहे, प्रबंधाला १२ क्रेडिट. आता एक गाव केले असेल तर तेव्हा दुसरे घ्या आणि तुलना करा.

मुलाखत देणाऱ्यांची नावे छापायची का?

गाणी सांगणाऱ्या, नाट्यमंडळ चालवणाऱ्या माणसांची नावे त्यांना विचारून छापा, बहुतेकांना ती हवी असतात. मानसशास्त्रात कधीच नाही. धंद्याच्या आकड्यांपुढेही नाव नको. आणि लहान वाड्यावर 'पंचावन्न वर्षांची, विधवा, मासळी विकणारी' एवढे लिहिले तरी ती कोण ते सगळ्या गावाला कळते, तेव्हा वय आणि वाडा थोडे धूसर करा. अठरा वर्षांखालच्यांना विचारायचे तर पालकांची लेखी संमती.

व्हायवात हमखास काय विचारतात?

'हा माणूस तुम्हाला कुठे भेटला?' आणि 'त्याने न सांगितलेले काय होते?' पहिल्याला वहीत तारीख-वेळ-ठिकाण लिहिलेले असेल तर बघायला नको. दुसऱ्यासाठी मुलाखतीनंतर परतीच्या बसमध्येच अर्धे पान खरडून ठेवा, घरी पोचेपर्यंत निम्मे विसरायला होते.